जोडीदाराच्या पश्चात ग्रंथांची सोबत

पती किंवा पत्नी यांच्या मृत्यूने होणारे दुःख हे इतर दुःखांहून एका बाबतीत निराळे असते. आईवडिलांच्या निधनाने डोक्यावरचे छत्र जाते, मित्राच्या निधनाने एक बैठक मोडते; परंतु जोडीदाराच्या निधनाने आपले बोलणे ऐकणारे माणूसच नाहीसे होते. तीस-चाळीस वर्षांच्या सहवासात दिवसभर जे काही थोडेफार घडते ते सायंकाळी कोणाला तरी सांगावयाचे असते, आणि ते सांगितल्यावाचून दिवस पुरा झाल्यासारखा वाटत नाही. भाजी महाग झाली, जिन्यात अमुक एक गृहस्थ भेटले, नातवाला थोडी कणकण आहे, एवढ्याच त्या गोष्टी. त्या ऐकणारे माणूस गेले म्हणजे दिवस पुरे होईनासे होतात. तेराव्या दिवसापर्यंत घर माणसांनी भरलेले असते. त्यानंतर पाहुणे आपापल्या गावी परततात, मुले कामावर रुजू होतात, आणि खरी परीक्षा तेव्हा सुरू होते.

या परीक्षेच्या काळात वाचनाचा आधार कितपत मिळू शकतो, आजवर तो कोणाकोणाला मिळाला, आणि तो मिळावा म्हणून घरच्या माणसांनी काय करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

परमुलुखातील एकांत

बंगळूरच्या पूर्व भागातील इंदिरानगर ही वसाहत १९७० नंतरच्या काळात वाढली आणि तिला इंदिरा गांधी यांचे नाव मिळाले. रुंद रस्ते, दुतर्फा मोठाली झाडे आणि बैठी घरे असे तिचे पूर्वीचे रूप होते. आज तेथील शंभर फुटी रस्ता दुकानांनी व उपाहारगृहांनी गजबजलेला आहे, आणि २०११ च्या ऑक्टोबरपासून वस्तीवरून मेट्रोही धावू लागली आहे. मराठी माणसाला हे शहर अपरिचित नाही. सतराव्या शतकात शहाजीराजांची जहागीरच येथे होती. अलीकडच्या काळात मात्र पुणे, नाशिक, सोलापूर, बेळगाव या बाजूंची वडीलधारी जोडपी नोकरीनिमित्त येथे स्थायिक झालेल्या मुलांकडे राहावयास येतात. दोघे असतात तोवर हा मुक्काम सुखाचा होतो. सकाळी फिरणे, दुपारी पत्ते किंवा कोडे, संध्याकाळी देवळापर्यंत एक फेरी, असा क्रम लागतो.

दोघांपैकी एक गेले म्हणजे या क्रमाचा कणाच मोडतो. रस्त्यावर कन्नड, इमारतीत इंग्रजी, नातवंडांच्या तोंडी दोहोंचे मिश्रण. जिच्याशी किंवा ज्याच्याशी दिवसभर मराठीत बोलता येत असे, ती व्यक्ती उरत नाही. म्हणजे एका माणसाबरोबर एक भाषाही घरातून उठून जाते. गावी असते तर ओसरीवर येऊन बसणारे चार जण भेटले असते. येथे दाराला कुलूप आणि खाली पहारेकरी. अशा घरात कपाटातील चार मराठी पुस्तके ही केवळ करमणुकीची साधने राहत नाहीत. आपल्या भाषेत आपल्याशी बोलणारा घरातील तो एकच आवाज असतो.

पोथीची जुनी वाट

दुःखाच्या प्रसंगी वाचनाकडे वळावे ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. मृत्यूनंतरच्या दिवसांत घरी गरुडपुराण वाचून घेण्याची रीत पुष्कळ घरांत आजही पाळली जाते. त्यातील वर्णनांवर विश्वास असो वा नसो, त्या दिवसांत ठराविक वेळी सर्वांनी एकत्र बसावे आणि कोणीतरी मोठ्याने वाचावे, या योजनेमागे मोठे शहाणपण होते. शोकाने सैरभैर झालेल्या मनाला ती एक नियमित वेळ मिळवून देई आणि काही बोलण्याचा भारही त्याच्यावर पडत नसे.

पुढे वर्षभर दुपारच्या वेळी पोथी चाले. ‘ज्ञानेश्वरी’, ‘दासबोध’, श्रीधरकवींचे ‘हरिविजय’ आणि ‘पांडवप्रताप’, महिपतीचा ‘भक्तिविजय’ हे ग्रंथ महाराष्ट्रातील घरोघरी या निमित्ताने वाचले जात. वाचणारा एक आणि ऐकणाऱ्या दहा, अशी ती बैठक असे. ऐकणाऱ्यांत बहुधा एकदोघी विधवा असत, आणि त्यांतील बहुतेकींना स्वतः वाचता येत नसे.

अक्षरओळख आणि वैधव्य

स्वतः वाचता न येण्याचे कारण मोठे क्लेशदायक आहे. मुलीने अक्षरे गिरवली तर तिला वैधव्य येते, अशी समजूत एकोणिसाव्या शतकात सर्रास प्रचलित होती. ज्या स्त्रीला पुढे ग्रंथांच्या आधाराची सर्वाधिक गरज पडावयाची, तिच्या हातून ग्रंथ आधीच काढून घेण्याचा हा प्रकार होता. ही समजूत ज्यांनी आपल्या आयुष्याने खोटी पाडली, त्यांचे स्मरण येथे अगत्याचे आहे.

रमाबाई रानडे यांचा विवाह १८७३ साली, त्यांच्या अकराव्या वर्षी, माधवराव रानडे यांच्याशी झाला, तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. माधवरावांनी त्यांना स्वतः शिकविण्यास प्रारंभ केला. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना हे मुळीच रुचले नाही, आणि त्यांची बोलणी सोसतच रमाबाईंनी प्रथम मराठी व पुढे इंग्रजी आत्मसात केली. १६ जानेवारी १९०१ रोजी माधवराव निवर्तले. एकोणचाळिसाव्या वर्षी वैधव्य आलेल्या रमाबाई मुंबई सोडून पुण्याच्या घरी आल्या आणि सुमारे वर्षभर त्यांनी कोठेही जाणेयेणे ठेवले नाही. पुढे पतीच्या धर्मपर व्याख्यानांचा संग्रह त्यांनी प्रसिद्ध केला. ज्याने अक्षरे शिकविली त्याचेच शब्द वाचणे, निवडणे आणि छापण्याजोगे करणे हे काम त्यांनी हाती घेतले, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. १९०४ साली मुंबईस भरलेल्या भारत महिला परिषदेच्या निमित्ताने त्या पुन्हा सार्वजनिक कार्यात उतरल्या, १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभे राहिले, आणि १९१० मध्ये ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. वाचनातून लेखन आणि लेखनातून लोकसेवा असा हा क्रम आहे.

लक्ष्मीबाई टिळक यांची कथाही अशीच. त्यांचे पती रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ च्या मे महिन्यात वारले. ‘ख्रिस्तायन’ हे काव्य ते अपुरे ठेवून गेले होते. त्याचे दहा-अकरा अध्यायच झाले होते. जेमतेम लिहावाचावयास शिकलेल्या लक्ष्मीबाईंनी त्यापुढील साठांहून अधिक अध्याय रचले. १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागलेली त्यांची ‘स्मृतिचित्रे’ तर मराठीतील श्रेष्ठ आत्मचरित्रांत गणली जातात. त्या ग्रंथात पतीविषयी जितकी भक्ती आहे तितकाच त्याच्या विक्षिप्तपणावर मनमोकळा विनोद आहे. गेलेल्या माणसाला देव न करता माणूस म्हणूनच आठवावे, हा धडा शोकाकुल वाचकाला त्यातून मिळतो, आणि तो अनेक उपदेशग्रंथांहून मोलाचा आहे.

पार्वतीबाई आठवले यांना विसाव्या वर्षी वैधव्य आले, तेव्हा त्या निरक्षर होत्या. अक्षरओळख त्यानंतर झाली. पुढे अण्णासाहेब कर्वे यांच्या संस्थेसाठी निधी जमविण्यास त्यांनी गावोगाव प्रवास केला आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर असताना त्या अमेरिकेसही जाऊन आल्या. ‘माझी कहाणी’ हे त्यांचे आत्मचरित्र १९२८ साली प्रसिद्ध झाले.

पुरुषांच्या बाबतीत दुःख दाबून ठेवण्याचीच रीत होती. लोकमान्य टिळक मंडालेच्या तुरुंगात असताना १९१२ च्या जून महिन्यात सत्यभामाबाई पुण्यास निवर्तल्या. ‘गीतारहस्या’चे हस्तलिखित त्यापूर्वीच पुरे झाले होते, सुटकेला अद्याप दोन वर्षे होती. अखेरच्या भेटीचीही सोय नसलेल्या त्या कोठडीत टिळकांच्या सोबतीस होते ते त्यांचे ग्रंथ.

वैधव्यातील जाचक रूढींचे ओझे मात्र त्यानंतरही दीर्घकाळ राहिले. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड या गावाने कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे यांसारख्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला तो २०२२ च्या मे महिन्यात, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींना त्याचे अनुकरण करण्याचे आवाहन केले. शोक हा ज्याचा त्याला करू द्यावा. त्यावर अपमानाची भर घालू नये, हे सांगण्यास इतका काळ जावा लागला.

विदेशातील दोन साक्षी

इंग्रज लेखक सी. एस. लुईस यांच्या पत्नीचे १९६० साली कर्करोगाने निधन झाले. त्या काळात त्यांनी वह्यांतून जे लिहिले ते पुढील वर्षी टोपणनावाने प्रसिद्ध झाले. श्रद्धेवर अनेक ग्रंथ लिहिलेला हा माणूस त्या पानांत देवाशी भांडतो, गोंधळतो, आणि पुन्हा सावरतो. आपल्यासारखेच दुसऱ्यासही झाले होते, आणि तोही काही काळ कोलमडला होता, हे कळणे हाच अशा पुस्तकाचा मोठा उपयोग होय.

अमेरिकन लेखिका जोन डिडियन यांचे पती २००३ च्या डिसेंबरात रात्रीच्या जेवणाच्या वेळी एकाएकी गेले. त्यांनी कविता वाचल्या, वैद्यकीय लेख वाचले. परंतु त्यांना विशेष जवळचे वाटले ते १९२२ सालचे शिष्टाचारावरील एक जुने पुस्तक. दुःखी माणसाला उबेत बसवावे, त्याला न विचारता थोडे हलके अन्न समोर ठेवावे, अशी साधी व्यावहारिक माहिती त्यात होती. आपल्याकडे सुतकाच्या घरी चूल पेटत नाही आणि शेजारून पिठले-भात येतो, त्यामागचा विचार याहून वेगळा नाही. कोणते पुस्तक धीर देईल हे आधी सांगता येत नाही, एवढे यावरून दिसते.

मन वाचनास केव्हा तयार होते

ग्रंथांचा औषधासारखा उपयोग करण्याच्या पद्धतीला इंग्रजीत स्वतंत्र नाव १९१६ साली मिळाले. मराठीत तिला ग्रंथोपचार म्हणता येईल. इंग्लंडमध्ये २०१३ पासून डॉक्टरांच्या शिफारशीवरून सार्वजनिक ग्रंथालयातून ठराविक पुस्तके देण्याची योजना आहे. तथापि ज्याला आपण वाचक समजतो अशा माणसालाही जोडीदाराच्या निधनानंतर कित्येक आठवडे एक पान सलग वाचता येत नाही. डोळे ओळीवरून फिरतात, अर्थ मात्र आत शिरत नाही. ही दुर्बलता नव्हे. शोकाने चित्ताची एकाग्रता जाते आणि ती सावकाश परत येते.

हॉलंडमधील मार्गारेट स्ट्रोब आणि हेन्क शुट या संशोधकांनी १९९९ साली शोकाविषयी एक उपयुक्त विचार मांडला. शोकाकुल माणूस सरळ रेषेत दुःखाकडून सुखाकडे जात नाही. तो दोन बाजूंना हेलकावे घेत असतो. कधी तो गेलेल्या माणसाच्या आठवणीत बुडतो, तर कधी वीजबिल, बँक, स्वयंपाक अशा नव्या जबाबदाऱ्यांत गुंततो; आणि हे हेलकावेच निरोगीपणाचे लक्षण होत. वाचन या दोन्ही बाजूंना उपयोगी पडते. आत्मचरित्र किंवा कविता आपल्याला आठवणीपाशी घेऊन जाते. प्रवासवर्णन, विनोद किंवा रहस्यकथा त्या आठवणीपासून तासभर विसावा देते. विनोदी पुस्तक वाचताना हसू आले म्हणून अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही.

एका वहीची गोष्ट

प्रस्तुत लेखकाच्या पत्नीस पुस्तके जमविण्याचा आणि त्याहून अधिक ती वाचावयास देण्याचा नाद होता. कोणते पुस्तक, कोणास, कोणत्या तारखेस दिले याची नोंद ती एका वहीत ठेवीत असे. तिच्या पश्चात दोन महिने वर्तमानपत्राच्या मथळ्यांपलीकडे काही वाचवेना. तिसऱ्या महिन्यात कपाट आवरताना ती वही हाती आली. अकरा पुस्तके परत यावयाची होती.

पहिले नाव दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या बेळगावकडील एका वृद्ध बाईंचे होते. पुस्तक मागावयास जाणे अवघड वाटत होते, परंतु जाण्यास दुसरे निमित्तही नव्हते. त्यांनी पुस्तक आणून हाती दिले आणि म्हणाल्या, “भावजी, ताईंना या कादंबरीचा शेवट मुळीच पटला नव्हता. आमचा त्यावरून चांगलाच वाद झाला होता. तुम्हाला कसा वाटला?” पस्तीस वर्षांच्या संसारात जे मत कानावर आले नव्हते ते असे परक्या घरी ऐकावयास मिळाले. “वाचून सांगतो,” असे उत्तर देणे भाग पडले, आणि दिलेला शब्द पाळण्यासाठी ती कादंबरी वाचावी लागली. दोन महिन्यांनंतर सलग वाचलेले ते पहिले पुस्तक. अकरांपैकी सात पुस्तके परत आली. प्रत्येकाबरोबर तिच्याविषयीची एखादी नवी गोष्ट आली, आणि चार घरी पुन्हा जाण्याचा परिपाठ पडला. वही अद्याप चालू आहे.

हे येथे सांगण्याचा हेतू एवढाच की, पुस्तक हे माणसांपासून तोंड लपविण्याची जागा होऊ शकते, तसेच माणसांकडे जाण्याचे निमित्तही होऊ शकते. दुसरा उपयोग अधिक हिताचा.

घरच्यांनी काय करावे

पहिली गोष्ट, घाई करू नये. “गीता वाचा म्हणजे बरे वाटेल” असा सल्ला चांगल्या हेतूने दिला जातो, पण ज्याचे मन थाऱ्यावर नाही त्याला तो उपदेशासारखा टोचतो. प्रारंभी लहान मजकूर पुरे: एखादा अभंग, जुने पत्र, दोन पानांचा लेख. पूर्वी वाचून आवडलेले पुस्तक पुन्हा हाती घेणे सर्वांत सोपे जाते, कारण पुढे काय होणार ते ठाऊक असते आणि त्या अवस्थेत मनाला अनपेक्षित गोष्टी नकोशा असतात. ‘व्यक्ती आणि वल्ली’सारखे पु. ल. देशपांडे यांचे पुस्तक, गो. नी. दांडेकर यांचे भ्रमंतीवरील लेखन किंवा मीना प्रभू यांची प्रवासवर्णने यांचा अशा वेळी पुष्कळांना उपयोग होतो.

दुसरी गोष्ट, डोळे तपासून घ्यावेत. जोडीदाराच्या आजारपणात स्वतःच्या चष्म्याकडे आणि मोतीबिंदूकडे दुर्लक्ष झालेले असते. वाचनात मन लागत नाही याचे कारण कधी कधी एवढेच असते. ज्यांना वाचणे जमत नाही त्यांच्यासाठी ऐकण्याची पुस्तके आहेत. भारतात २०१७ पासून स्टोरीटेलसारख्या सेवांवर मराठी पुस्तके भ्रमणध्वनीवर ऐकता येतात. पोथी ऐकणाऱ्या पिढीला हा प्रकार परका वाटू नये.

तिसरी गोष्ट, मोठ्याने वाचावे. रोज पंधरा मिनिटे नातवंडाने आजीला किंवा आजीने नातवंडाला वाचून दाखवावे. नातवंडाचे मराठी अडखळते असेल तर फारच उत्तम. चूक दुरुस्त करून देण्याइतके महत्त्व आजीला प्राप्त होते, आणि घरात मराठीही टिकते.

चौथी गोष्ट, पुस्तकाच्या निमित्ताने घराबाहेर काढावे. इंदिरानगरातून मेट्रोने गाडी न बदलता कब्बन पार्कला जाता येते. तेथे लाल रंगाच्या शेषाद्री अय्यर स्मारक भवनात राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. त्याच उद्यानात २०२३ सालापासून शनिवारी सकाळी वाचक मंडळी आपापले पुस्तक घेऊन झाडाखाली एकत्र बसतात आणि मुकाट्याने वाचतात. कोणी कोणास काही विचारीत नाही. ज्याला माणसे हवी आहेत पण संभाषण अजून झेपत नाही, त्याला याहून योग्य जागा क्वचितच मिळेल. गांधीनगरात महाराष्ट्र मंडळ आहे; मराठी बोलणारे चेहरे तेथे भेटतात. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानातर्फे २००९ पासून ‘ग्रंथ तुमच्या दारी’ हा उपक्रम चालतो. त्यात पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या गटांकडे पाठविल्या जातात, आणि त्या महाराष्ट्राबाहेर व परदेशातही पोहोचल्या आहेत. पाच-दहा घरांनी मिळून असा एखादा गट करणे इंदिरानगरसारख्या वस्तीत अशक्य नाही.

पाचवी गोष्ट, गेलेल्या व्यक्तीची पुस्तके लगेच वाटून किंवा रद्दीत घालून टाकू नयेत. कपडे देऊन टाकण्याची रीत आहे ती असू द्यावी. परंतु पुस्तकांतील खुणा, समासातील टिपा, मधेच ठेवलेली बसची तिकिटे यांत त्या व्यक्तीचे मन राहिलेले असते. निदान वर्षभर कपाट तसेच ठेवावे.

ग्रंथांची मर्यादा

ग्रंथाने सर्व दुःख निभावते असा दावा कोणी करू नये. कित्येक महिने झोप आणि भूक परत येत नसेल, नित्याची कामे होत नसतील, जगण्यात अर्थ नाही असे बोलणे वारंवार येत असेल, तर पुस्तकावर विसंबून न राहता वैद्यकीय मदत घेतली पाहिजे. सहा महिन्यांहून अधिक काळ तीव्र राहून नित्याचे जीवन रोखून धरणाऱ्या शोकाची जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या आजारांच्या वर्गीकरणात स्वतंत्र नोंद केली आहे. ते वर्गीकरण २०२२ पासून अमलात आले. त्याच वर्षी भारत सरकारने सुरू केलेल्या ‘टेली मानस’ या विनामूल्य दूरध्वनी सेवेचा क्रमांक १४४१६ आहे, आणि मानसिक आरोग्यासाठी देशभर ख्यातनाम असलेली निम्हान्स ही संस्था बंगळूरातच आहे. तेथे जाण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

ग्रंथाची आणखी एक मर्यादा अशी की तो बोलतो, पण ऐकत नाही. जोडीदार जाण्याने जे उणे होते ते तर ऐकणारे माणूस. म्हणून वाचनाने अर्धेच काम होते आणि उरलेले अर्धे घरच्यांच्या हाती राहते. सायंकाळी कामावरून परतल्यावर मुलाने अथवा सुनेने बाबांना किंवा आईंना “औषध घेतले का?” एवढेच न विचारता “आज काय वाचले?” असेही विचारावे आणि उत्तर येईपर्यंत हातातील भ्रमणध्वनी बाजूला ठेवावा. उत्तर पहिल्या दिवशी एका शब्दाचे असेल. काही दिवसांनी ते लांबत जाईल, आणि त्या लांबलेल्या उत्तरात भाजीचा भाव, जिन्यात भेटलेले गृहस्थ आणि नातवाचा ताप हेही हळूहळू येऊ लागतील.